मुदत चार जूनपर्यंत

पांढरकवडा
रविवार, ११ मार्च १९६२

आज दुपारी यात्रेला माणसं नेणारे पंजाबराव मानवटकर यवतमाळहून मुद्दाम आले. उन्हातून आलेले, पण पाणी घ्यायच्या आधीच ओट्यावरून ओरडले, "मारोतीभाऊ, निघायचं बरं का! सिलोन!"

भिंतीपलीकडून शेजारच्या जोहराबीचाचींचा आवाज आला, "कौनसा? रेडिओवाला सिलोन?"

"तोच," पंजाबराव म्हणाले, आणि सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांच्या हातात पाण्याचा लोटा होता, तो तसाच राहिला.

नऊजण जाणार आहेत. नागपूरहून मद्रास, मद्रासहून धनुष्कोडी, तिथून बोटीने पलीकडे. अनुराधपूर नावाच्या गावी बोधिवृक्ष आहे. गयेच्या झाडाची फांदी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथे नेऊन लावली, तेच हे झाड, असं पंजाबरावांनी सांगितलं. वैशाखी पौर्णिमा त्या झाडाखाली. मग ज्येष्ठाच्या पौर्णिमेपर्यंत तिथेच एका विहारात मुक्काम. जूनअखेर परत.

बाबांचा पासपोर्ट १९५७ सालचा आहे. दीक्षेनंतरच्या वर्षी पंजाबरावांनी पहिल्यांदा माणसं नेली, तेव्हा काढलेला. पण त्या श्रावणात आईला मुदतीचा ताप आला आणि ती गेली. बाबांचं जाणं राहिलं. तेव्हापासून ते पुस्तक पत्र्याच्या पेटीत तळाशी आहे.

निघताना पंजाबराव मला म्हणाले, "सत्यशीलाबाई, तुम्ही मास्तरीणबाई आहात, इंग्रजी येतं. त्याची शेवटची तारीख तेवढी पाहून घ्या. मद्रासला सिलोनचा व्हिसा घ्यायचा आहे. परत घरी पाय लागेपर्यंत पासपोर्ट जिवंत पाह्यजे."

पासपोर्ट जिवंत असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवार, १२ मार्च

शाळेतून आल्यावर म्हटलं, "बाबा, पुस्तक दाखवा." त्यांनी आधी हात धुतले. धोतराच्या सोग्याला कोरडे केले. मग पेटी उघडली. पिवळ्या कापडात गुंडाळलेलं होतं. मला वाटलं हातात देतील, पण त्यांनी स्वतःच धरलं आणि स्वतःच उघडलं.

"तू नको पानं पलटवू. शाई लागते. म्या धरतो, तू वाच."

पहिल्याच पानावर काय लिहिलं आहे ते मी मनात दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. मग मोठ्याने मराठीत सांगितलं. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने, ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सर्वांना विनंती आणि आज्ञा आहे, की हे पुस्तक बाळगणाऱ्याला मोकळेपणाने जाऊ द्यावे, अडवू नये, आणि गरज पडेल ती सर्व मदत व संरक्षण द्यावे.

बाबांनी विचारलं, "अडवू नये, असं लिहेल हाय?"

"हो."

"कोणीच?"

"कोणीच. परदेशातल्या राजाला, साहेबाला, साऱ्यांना सांगितलं आहे."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. माझे बाबा कापसाच्या जिनिंगवर चौकीदार आहेत. त्यांच्या गावच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवता येत नव्हता, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते फौजेबरोबर इराकात बसऱ्याला जाऊन आले. मी विचारलं, तेव्हाही असं पुस्तक होतं का?

"तवा कायचं पुस्तक? बोटीच्या पोटात बसलो अन् गेलतो. तवा मी सरकारचं सामान होतो." मग त्या पानावर हात न लावता, वरूनच बोट फिरवत म्हणाले, "हे तं माणसासाठी लिहेल दिसते."

मग तारखेचं पान. शेजारच्या पानावर त्यांनी पंजा पालथा ठेवला होता. मी तारीख वाचली. पाच वर्षांची मुदत. ४ जून १९६२.

चार जूनला बाबा सिलोनमध्येच असतील.

शनिवार, १७ मार्च

कचेरीपुढे बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेलो. त्याने चष्मा कपाळावर नेऊन सांगितलं, "सोपं आहे. जुनं पुस्तक सरकारजमा करायचं, नवं मिळतं."

बाबांनी विचारलं, "जुनं वापस नाही देत?"

"कशाला देतील? मेलेलं पुस्तक."

बाबा तिथून उठले आणि चालू लागले. मी मागे धावले. चौकात ट्रकची रांग लागली होती, त्या आवाजात ते म्हणाले, "मले नाही जायाचं."

"अहो पण काहून?"

"नाही जायाचं म्हटलं नं."

रविवार, १८ मार्च

दिवसभर विचार केला आणि मनातलं खरं तेच लिहिते. बाबा घाबरले आहेत. साठीच्या घरात आले, आता दूर जायची हिंमत राहिली नाही, आणि ते कबूल करायचं नाही म्हणून पुस्तकाचं निमित्त. मला राग आला आहे. शाळेत मी मुलींना सांगून बसले की माझे वडील समुद्रापलीकडे जाणार. चौथीच्या वर्गात नकाशावर छडी ठेवून दाखवलंसुद्धा.

संध्याकाळी बोलून गेले, "एका जुन्या पुस्तकासाठी एवढं मोठं झाड सोडून देता?"

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुले नाही समजायचं, सखू."

घरात मी अजून सखूच आहे. सत्यशीला मी शाळेत.

गुरुवार, २२ मार्च

होळीच्या धामधुमीत काही लिहिलं नाही. आज जोहराबीचाची भिंतीवरून वाटी द्यायला आल्या आणि उभ्याच राहिल्या. आईची आणि त्यांची फार मैत्री. त्यांना बाबांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जबरदस्ती मत कर, बेटी. नागपूर गये थे ना दोनो, उस रोज तेरी माँ ने मेरे झुमके पहने थे. वापस देते वखत बोली, जोहरा, मैं तो रानी लग रही थी."

आई नागपूरला गेली होती हेच मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मी अमरावतीला ट्रेनिंगला होते. बाजाराला गेली असेल. चाची म्हातारपणी कुठलं कुठे जोडतात.

पण झुमक्यांवरून आई आठवायला बसले, आणि एक गोष्ट ध्यानात आली जी लिहायला लाज वाटते. मला आईचा चेहरा नीट आठवत नाही. कपाळ आठवतं, गोंदण आठवतं, भाकरी थापणारे हात आठवतात. चेहरा मात्र मध्येच पुसट होतो. माझी परीक्षा चालू म्हणून तिच्या आजारपणाचं पत्र अमरावतीला उशिरा धाडलं. मी आले तेव्हा सारं आटोपलं होतं. घरात तिचा एकही फोटो नाही. अजून पाच वर्षांनी काय उरेल?

शुक्रवार, २३ मार्च

अर्जनवीस म्हणाला ते खरंच कशावरून? नियम कुठेतरी लिहिलेला असेलच. मी नागपूरच्या पासपोर्ट कचेरीला जोडकार्ड लिहिलं, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं. इंग्रजीत, तीनदा कच्चं लिहून. विचारलं की पासपोर्टची मुदत प्रवासाच्या मध्येच संपत असेल तर काय करावे, आणि जुने पुस्तक परत मिळते किंवा कसे. बाबांना सांगितलं नाही.

बुधवार, ४ एप्रिल

उत्तर आलं! पोस्टमन शाळेतच घेऊन आला. टंकलेखनयंत्रावर माझं नाव, मिस सत्यशीला मारोती मुनेश्वर. खाली कोणा अधिकाऱ्याची सही. पांढरकवड्याच्या एका मास्तरणीने प्रश्न विचारला आणि केंद्र सरकारच्या कचेरीने बसून उत्तर दिलं! मी ते कार्ड मधल्या सुट्टीत किती वेळा वाचलं असेल.

लिहिलं आहे की काढल्यापासून दहा वर्षं होईपर्यंत त्याच पुस्तकात मुदत वाढवून मिळते. पुस्तक धारकाकडेच राहते. धारकाने पुस्तक घेऊन स्वतः यावे.

घरी धावतच आले. बाबा जिनिंगवर जायच्या तयारीत होते. वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पुस्तक आपल्यापाशीच राहीन?"

"हो. कचेरीनंच लिहिलं आहे."

"मंग सोमवारी निघू."

एवढंच! सतरा दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते आणि आता कंदिलाची काच पुसत गुणगुणताहेत. माणसाची भीती अशी एका कार्डाने जाते का?

मंगळवार, १० एप्रिल

काल नागपूरला जाऊन आलो. सगळं लिहून काढते.

पहाटेची एस.टी. धरली. वडकी, हिंगणघाट, बुटीबोरी. बाबांनी पिवळं कापड सदऱ्याच्या आत छातीशी बांधलं होतं आणि पूर्ण पाच तास एक हात त्यावर होता. कचेरीत पंखे फिरत होते, बाकावर आमच्याआधी चारजण. आमचा नंबर आला तेव्हा बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या. आतले साहेब म्हणाले, "चपला घाला, बाबा. इथे कोणी काढत नाही."

साहेब वयस्क, केस पिकलेले. त्यांनी पुस्तक घेतलं, पानं चाळली, तारीख पाहिली, माझं कार्ड पाहिलं. मग एका पानावर थांबले.

"आणि या? या नाही आल्या?"

"कोण?" मी विचारलं.

त्यांनी पुस्तक आमच्याकडे फिरवलं. "पासपोर्ट दोघांचा आहे ना. पती आणि पत्नी."

त्या पानावर आई होती.

डोक्यावर पदर, कानात चाचींचे झुमके, आणि फोटोवाल्याने हलू नका म्हटल्यावर माणूस जसा श्वास धरून बसतो तशी बसलेली. हनुवटीवरचं गोंदण स्पष्ट. डोळे सरळ माझ्याकडे. खाली इंग्रजीत, धुरपताबाई. ती माझी आईच होती, पूर्ण, मध्ये कुठेही पुसट नव्हती. मला कचेरी दिसेना. कोणीतरी खुर्ची पुढे केली. बसले.

बाबा साहेबांना सांगत होते, "वारली जी. त्याच साली. दोघं जाणार होतो."

 साहेबांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं, नियमांचं. एका ओळीवर बोट ठेवून खाली खाली आणलं, मागचं पान पाहिलं, पुन्हा पुढचं. बाबा त्या बोटाकडे असे पाहत होते जसं काही न्याय व्हायचा आहे.

"मुदत वाढेल," साहेब म्हणाले. "पाच वर्षं. पण पत्नीची नोंद रद्द करावी लागेल. तिथे रेघ ओढावी लागते."

बाबांनी टेबलाची कड धरली. "साहेब, रेघ चेहऱ्यावरून जाईन का?"

"नाही. नावावरून."

"अन् फोटो?"

साहेबांनी पुन्हा नियम पाहिला. मला वाटतं त्यांना तो पाठ होता, तरी पाहिला. "फोटो काढून घ्या असं इथे कुठेही लिहिलेलं नाही."

मग त्यांनी लाल शाईचा टाक घेतला, पट्टी ठेवली आणि आईच्या नावावरून रेघ ओढली. इतकी हळू, की मी मुलींच्या वहीतही कधी एवढ्या हळू ओढली नसेल. बाजूला सही केली. मागच्या पानावर शिक्का, नवी तारीख, ४ जून १९६७. लांबून आलात म्हणून थांबवलं नाही, दुपारपर्यंत पुस्तक हातात दिलं.

बाहेर लिंबाखाली बसलो. मी म्हटलं, "मला कधीच का नाही दाखवलं?"

बाबा म्हणाले, "तुले परीक्षेहून बोलावलं नाही म्हणून तू तवा माह्याशी बोलत नव्हती. मंग दिवस गेले. मंग कसं दाखवावं ते समजेना." थांबून म्हणाले, "रोज दुपारी पाहतो म्या. तू शाळेत रायते तवा."

मी त्यांना भित्रा म्हटलं होतं. तोंडाने नसेल, पण या वहीत म्हटलं आहे. खोडत नाही. राहू दे.

एस.टी. येईपर्यंत पुस्तक माझ्या मांडीवर होतं. पानं मी पलटवली. बाबांनी अडवलं नाही. राष्ट्रपतींच्या नावाने सर्व जगाला सांगितलेलं, जाऊ द्यावे, अडवू नये, ते आईलाही लागू होतं. घर, शेतातली मजुरी, आठवड्याचा बाजार आणि ती एक नागपूरची फेरी, यापलीकडे जी कुठे गेली नाही, तिच्यासाठी सगळ्या देशांना सांगून ठेवलेलं. आणि हे तिला माहीत होतं. राणीसारखी दिसत होते, असं ती म्हणाली होती.

शुक्रवार, ११ मे

बाबा गेले. नागपूर स्टेशनवर मद्रासच्या गाडीत नऊजण, पांढरे कपडे, पंजाबराव सारखे माणसं मोजताहेत. बाबा खिडकीशी बसले. म्हणाले, "जोहराभाबीले पाण्याचा हंडा भरून देत जा, तिचा हात दुखते." दुसरं काही नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी छातीवरचा हात काढून मला दाखवला आणि परत ठेवला.

शनिवार, १९ मे

आज पौर्णिमा. विहारात वंदना झाली. चंद्र वर आल्यावर मी आणि चाची अंगणात बसलो. चाचींनी विचारलं, वहाँ भी यहीच चाँद? मी भूगोल शिकवते, तरी हो म्हणताना अंगावर काटा आला.

सोमवार, ४ जून

आज जुनी मुदत संपली. बाबा तिकडे आहेत आणि पासपोर्ट जिवंत आहे.

सोमवार, २५ जून

संध्याकाळी बाबा आले. काळे पडलेत, वाळलेत, आणि पाच वर्षांनी लहान दिसताहेत. चाची, मी, अर्धी गल्ली भोवती बसली.

त्यांनी समुद्राचं सांगितलं. बसऱ्याला जाताना समुद्र दिसलाच नव्हता, फक्त ऐकू यायचा. यावेळी सारा वेळ कठड्याशी उभे राहिले. "कोणी म्हटलं नाही खाली जा म्हणून. पाणी एवढं, एवढं, की पाहून पाहून मान दुखली. इकडून सुटलं अन् तिकडं कुठं संपते ते काही दिसेच ना."

पलीकडे उतरल्यावर तिथला साहेब पासपोर्ट तपासत होता. भराभर शिक्के मारत होता. "माह्या पुस्तकात तुह्या मायचं पान आलं. लाल रेघ पाह्यली त्यानं. तिथं शिक्का नाही मारला. पान हलकंच उलटवलं अन् पुढच्यावर मारला. मंग मले हात जोडले. म्या बी जोडले."

 झाडाचं विचारलं तर म्हणाले, हजारो माणसं होती, सारी पांढऱ्या कपड्यांत, आणि आवाज नाही. लहान लेकरंसुद्धा गप्प. पानं तेवढी सळसळत होती. "फांद्यायले सोन्याचे टेके लावेल हायेत, म्हाताऱ्या माणसाले हात देतो तसे. दोन हजार वर्सं त्याले कोणीनकोणी पाणी घालून राह्यलं. एक दिवस चुकला नाही. म्या तेच पाहत बसलो, सखू. झाडापरीस मले तेच मोठं वाटलं."

आणि एक गोष्ट. मुक्कामाच्या गावी रस्त्याने जाताना एका बाईच्या दारात थांबले. भाषा येत नव्हती, खूण केली. तिने घरातून काचेचा पेला आणला, पाण्याने भरून हातात दिला. बाबा म्हणाले, "एक पेला तहानेसाठी प्यालो. मंग दुसरा मांगतला. तहान नव्हती."

 गल्लीत ज्यांना समजायचं त्यांना समजलं.

मंगळवार, २६ जून

आज शाळा उघडली. संध्याकाळी परत आले तर बाबांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला, नळीसारखा गुंडाळलेला. काल नागपुरात उतरल्यावर पंजाबरावांना स्टेशनवर थांबवून ते एकटेच कचेरीत गेले होते. पासपोर्टचा कोरा अर्ज.

"हे कोणाचं?"

"तुह्यं."

"मला कुठे जायचं आहे?"

"ते तू पाह्य. पहिले भर."

मी हसण्यावारी नेलं, पण ते कंदील घेऊन आले, दौत-टाक घेऊन आले आणि समोर मांडी घालून बसले. मी नाव लिहिलं. जन्मगाव लिहिलं. धंदा, शिक्षिका. आईच्या नावाशी थांबले, मग ते लिहिलं, पूर्ण. पुढे रकाना आला की कोणकोणत्या देशांत जायचे आहे.

"सिलोन लिहू?"

"सिलोन म्या पाह्यला. तू तुह्यं लिही."

दरवर्षी चौथीच्या मुलींकडून मी साऱ्या जगाची नावं पाठ करून घेते. झोपेत विचारली तरी सांगेन. आज टाक हातात होता आणि एकही आठवेना. देश म्हणजे नकाशावरचे रंग होते आजवर. त्यांतल्या एखाद्यावर मी स्वतः उभी असेन, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.  बाबा बसून राहिले, झाडाजवळ बसले असतील तसे.

शेवटी लिहिलं. जपान. तेच का, मलाही सांगता येणार नाही.

"काय लिहिलं?"

"जपान."

"लांब हाय का?"

"फार लांब आहे, बाबा."

"मंग बरं हाय," ते म्हणाले. "पुढचं लिही."